नंबर कुणाचा, धंदा कुणाचा

डेटा कुठून आला हे विचारायचं नाही, हा आमच्या ऑफिसातला पहिला नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. भिंतीवर चिकटवलेले नियम वेगळे: आवाजात हसू ठेवा, ग्राहकाचं नाव दोनदा घ्या, महिनाअखेर रजा मागू नका. नाशिकच्या शरणपूर रोडवर चष्म्याच्या दुकानाच्या वर ते ऑफिस होतं. प्लायवूडचे अरुंद कप्पे, प्रत्येकात एक लँडलाइन, एक हेडफोन आणि कॉलिंग शीटांचा गठ्ठा. आम्ही बहुतेक मुलीच. नुकत्याच बी.कॉम. झालेल्या, सिडको, सातपूर, पंचवटीतून बसने येणाऱ्या. मराठी-हिंदी नीट बोलता यावं आणि शिव्या ऐकून रडू येऊ नये, एवढी पात्रता पुरे होती. त्यातली दुसरी अट मुलाखतीत कुणी सांगत नसे. ती पहिल्या आठवड्यात आपोआप कळायची आणि निम्म्या मुली तिथेच गळायच्या.

ऑफिस एका डीएसएचं. डीएसए म्हणजे बँकेला कर्जाची आणि क्रेडिट कार्डाची गिऱ्हाइकं आणून देणारा कमिशनवरचा एजंट. फोनवर नाव बँकेचं घ्यायचं, पगार मात्र एजंटाकडून. ‘सर, बँकेतून बोलतेय’ हे वाक्य मी दिवसभर म्हणत असे आणि त्या बँकेत माझं साधं बचत खातंसुद्धा नव्हतं. कुणी चिडून शाखेत जाऊन विचारलं, तर शाखेतले लोक सांगायचे, ‘आमच्याकडून असा फोन जात नाही.’ ते खोटं बोलत नसत. फोन त्यांच्याकडून जात नव्हता, त्यांच्यासाठी जात होता. या एका फटीतून आमचा सगळा व्यवसाय चालत होता आणि पुढे जे जे नियम आले, त्यांचं यश-अपयश याच फटीवर ठरत गेलं असं मला वाटतं.

डेटाबद्दल विचारायचं नसलं तरी रकाने बोलतात. नावापुढे ‘वाहनाचा प्रकार’ असेल तर यादी गाडी विकणाऱ्याकडची. ‘शेअर क्रमांक’ असेल तर कुठल्या तरी सोसायटीची किंवा पतसंस्थेची. ‘पाल्याचे नाव, इयत्ता’ असेल तर क्लासची. काही याद्यांत नाव आणि नंबर एवढंच असायचं, पण नावं एकाच अक्षरात, निळ्या पेनाने घाईघाईत लिहिलेली आणि मग झेरॉक्स काढलेली. ती लकी ड्रॉच्या कूपनांवरून उतरवलेली. प्रदर्शनाच्या दारात काचेची पेटी ठेवलेली असते, बाई पर्समधून चष्मा काढून कूपन भरते, मिक्सर लागेल म्हणून नंबरही स्वच्छ लिहिते. मिक्सर कुणाला लागला ते मला माहीत नाही. नंबर आमच्याकडे लागायचा.

शीटच्या शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा. एनआय म्हणजे इंटरेस्ट नाही. आरएनआर म्हणजे घंटी वाजते, उचलत नाहीत. सीबी म्हणजे नंतर करा. आणि डीएनसी म्हणजे पुन्हा कधीच करू नका. हा चौथा शेरा आम्ही अगदी इमानाने मारत असू, कारण तो माणूस पुन्हा भेटू नये अशी आमचीही इच्छा असायची. पण शीट संध्याकाळी टीएलच्या, म्हणजे टीम लीडरच्या टेबलावर जायची, त्यातल्या ‘सीबी’ तेवढ्या वेगळ्या काढल्या जायच्या आणि उरलेला कागद गठ्ठ्यात. महिन्या-दीड महिन्याने तेच नंबर नव्या क्रमाने छापून यायचे आणि शेऱ्याचा रकाना कोरा. कधी एखादं नाव ओळखीचं वाटायचं. तेवढ्यात समोरून आवाज यायचा, ‘अहो, परवाच तर सांगितलं होतं!’ सांगितलं होतं हे खरंच. पण ते ज्या कागदावर लिहिलं, तो कागद डेटा विकत आणणाऱ्यापर्यंत जातच नव्हता. ‘नाही’ या उत्तराची आमच्या धंद्यात नोंद व्हायची, साठवण व्हायची नाही.

आवर घालणारा नियम तेव्हाही होता. २००५ साली हर्ष पाठक नावाच्या वकिलांनी या फोनांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यानंतर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २००७ मध्ये पहिले विनियम काढले आणि ‘नॅशनल डू नॉट कॉल’ नोंदवही सुरू केली. नंबर नोंदवल्यावर ४५ दिवसांनी तो लागू व्हायचा. टेलिमार्केटरने आपली यादी या नोंदवहीशी ताडून पाहायची, नोंदलेले नंबर गाळायचे आणि मग फोन करायचे, अशी कल्पना. आमच्या ऑफिसात या गाळण्याला ‘स्क्रब’ म्हणत. ‘डेटा स्क्रब्ड आहे ना?’ असं कुणी टीएलना विचारलं की ते ‘हो’ म्हणायचे. तेही खोटं नसावं. तो कधी तरी, कुठे तरी, कुणी तरी स्क्रब केलेला असणार.

२०१० साली एक गंमत झाली. तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी विरोधी नेत्यांबरोबर बैठकीत असताना त्यांच्या मोबाइलवर गृहकर्ज हवंय का असा फोन आला. बातमी पेपरात छापून आली आणि आमच्या ऑफिसात दिवसभर हसू चाललं. कुठल्या मुलीने लावला असेल, तिने ‘सर’ म्हटलं असेल की ‘दादा’, शेरा काय मारला असेल! देशाच्या अर्थमंत्र्याच्या नावापुढे ‘एनआय’. हसून झाल्यावर टीएल म्हणाले, ‘आता बघा, नियम येतोय.’ तो त्याच वर्षी १ डिसेंबरला निघाला आणि बरीच पुढेमागे होऊन २७ सप्टेंबर २०११ पासून पुरता लागू झाला.

तो नियम मी नीट वाचलाय, कारण त्याने माझी नोकरी बदलली. टेलिमार्केटरने नोंदणी करायची, त्याला १४० ने सुरू होणारे नंबर मिळणार, फोन सकाळी ९ ते रात्री ९ एवढ्यातच. ग्राहकाने १९०९ वर कळवायचं. सगळंच बंद हवं तर शून्य. नाहीतर सात वर्गांतून निवडायचं: बँक-विमा-कर्ज, जमीनजुमला, शिक्षण, आरोग्य, गृहोपयोगी वस्तू आणि वाहनं, दूरसंचार-करमणूक, पर्यटन. लागू व्हायची मुदत ४५ दिवसांवरून ७ दिवसांवर आली. कागदावर हे सगळं शहाण्यासारखं होतं. पण निवांत बसून ‘शिक्षणाचं चालेल, पर्यटनाचं नको’ असं ठरवणारा माणूस मला तरी आजवर भेटलेला नाही. आमचे लोक दोनच प्रकारचे. एकाला काहीच नको होतं आणि दुसऱ्याला अशी काही सोय आहे याचाच पत्ता नव्हता. हा दुसरा प्रकार फार मोठा होता आणि नियमाच्या हिशेबी त्याने गप्प राहून सगळ्याला होकार दिलेला होता. घरात शिरू नका अशी पाटी लावली नाही म्हणजे या, असं आपण कुठल्या दुसऱ्या बाबतीत मानतो?

१४० चा परिणाम मात्र झटकन झाला. पडद्यावर १४० दिसलं की लोक उचलेनात. नियम करणाऱ्यांना तेच हवं होतं. पण ज्या धंद्यात पगार उचललेल्या फोनांवर ठरतो, तिथे याचा अर्थ वेगळा लागला. आमच्या ऑफिसातल्या लँडलाइन निघाल्या. एके दिवशी मालकांनी सगळ्यांना बसवून समजावलं, ‘प्रत्येकीने आपापल्या नावावर एक प्रीपेड सिम घ्यायचं. फोटो, आयडी तुमचा. रिचार्ज ऑफिस मारेल.’ दहा आकडी साधा नंबर, शेजारच्या बाईचा असावा तसा. लोक उचलू लागले.

मग तक्रारी होऊ लागल्या. तक्रार झाली की नंबर बंद. नंबर कुणाचा? मुलीचा. एकीने घरच्यांना, मैत्रिणींना, पॅनकार्डाच्या अर्जावर तोच नंबर दिलेला होता. तो दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंद पडला. ती मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जाऊन आली, तिथे तिला ‘तुम्ही टेलिमार्केटिंग करता का?’ असं सगळ्यांसमोर विचारलं गेलं. ऑफिसने काय केलं? दुसऱ्या दिवशी भावाच्या नावावर सिम आणायला सांगितलं. बँकेला यातलं काही कळलंही नसेल. तिच्याकडे अर्ज जात होते, मंजूर होत होते, कार्डं छापली जात होती. ज्याच्यासाठी फोन व्हायचा तो सुरक्षित, ज्याच्या ऑफिसातून व्हायचा तोही सुरक्षित आणि जिच्या तोंडून व्हायचा तिचा नंबर गेला. मी ते ऑफिस सोडलं त्याचं कारण मात्र हे नव्हतं. मला दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळत होते.

दुसरीकडे म्हणजे ट्रॅक्टरचं कर्ज आणि विमा. याद्या दिंडोरी, निफाड, चांदवडच्या. इथे मला एक गोष्ट कळली जी शरणपूर रोडवर कधी कळली नसती: फोन न उचलणं ही चैन आहे, ती सगळ्यांना परवडत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाचा हंगाम जोरात असतो. माल तयार, पावसाचा एखादा ढग दिसला तरी जीव खालीवर, व्यापारी रोज नव्या नंबरावरून बोलतो, त्याचा माणूस वेगळ्या, ड्रायव्हर तिसऱ्या. पिंपळगाव बसवंतकडच्या एका शेतकऱ्याला मी भर दुपारी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

‘हां, बोला शेठ. कुठवर आली?’

‘सर, नमस्कार. मी ट्रॅक्टर लोनसाठी...’

‘अहो ताई, मला वाटलं गाडी आली. मजूर बसून आहेत इथं.’

शिवी नाही, काही नाही. ‘लाईन मोकळी ठेवा बरं’ म्हणाला आणि ठेवून दिला. त्या हंगामात असे फोन मी पुष्कळ केले आणि बहुतेकांनी पहिल्याच घंटीला उचलले. आमच्या टीएलना तर ते फार आवडायचं: ‘ग्रामीण डेटाचा कनेक्ट रेट बघा!’ कनेक्ट रेट चांगला होता, कारण समोरचा माणूस कुणाची तरी वाट पाहत होता. रिक्षावाला, नळवाला, गर्भारपणाचे दिवस भरलेल्या लेकीची आई, मुलाखत देऊन बसलेला पोरगा, हे सगळे अनोळखी नंबर उचलतात. पगारदार माणूस ‘अननोन’ म्हणून बाजूला ठेवतो आणि वर ट्रूकॉलरला दाखवून खात्री करून घेतो. नकोशा फोनांबद्दल बोलणारे, लिहिणारे, तक्रार करणारे बहुतेक या दुसऱ्या गटातले. पहिला गट बोलत नाही, पण किंमत तोच जास्त मोजतो.

म्हणून कुणाचा फोन आहे हे उचलण्याआधी कळणं, ही मला सगळ्यात मोलाची सुधारणा वाटते. नंबर बंद करण्यापेक्षाही. मे २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने सेवेच्या आणि व्यवहाराच्या फोनांसाठी १६० ने सुरू होणारी वेगळी मालिका ठरवली. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की ग्राहकाला व्यवहारासंबंधी फोन करायचा तर तो १६०० च्या मालिकेतून करा आणि जाहिरातीचा असेल तर १४० मधून. ही गोष्ट शेतकऱ्यापर्यंत पोहोचायला हवी होती. माझ्या माहितीतल्या एकाही पतसंस्थेच्या नोटीस बोर्डावर ती लावलेली मी पाहिली नाही. सिनेमाच्या पोस्टरला मात्र जागा असते.

मधली काही वर्षं मी प्लॉट विकले. म्हणजे फोनवर. गिऱ्हाईक मुंबई, ठाणे, डोंबिवलीचं. प्लॉट नाशिकच्या आसपासचे. या कामाचं स्क्रिप्ट फार सुंदर होतं, हे मान्य केलं पाहिजे. आधी हवा, मग गोदावरी, मग गंगापूर धरण, मग समृद्धी महामार्ग ‘अमुक मिनिटांवर’ आणि शेवटी सिंहस्थ. २०१५ च्या सिंहस्थाआधी ‘सिंहस्थानंतर भाव दुप्पट’ असं म्हणायचं होतं. तो उरकल्यावर मध्ये थोडी पंचाईत झाली, मग पुढच्या सिंहस्थाची तयारी सुरू झाली. दर बारा वर्षांनी साधू स्नानाला येतात, आमचा भाव मात्र दर महिन्याला वाढायचा. एक युक्ती तिथे पक्की शिकवली होती: समोरच्याला ‘येणार का?’ असं कधी विचारायचं नाही. ‘साइट व्हिजिटसाठी शनिवार जमेल की रविवार?’ असं विचारायचं. नाही म्हणायची जागाच प्रश्नात ठेवायची नाही. लोक खरंच रविवार सांगायचे आणि मग यायचे नाहीत.

पुढे माझं काम उलट बाजूला गेलं. एका बल्क एसएमएसच्या छोट्या कंपनीत मी नोंदणीचं पाहू लागले आणि अजूनही तेच करते. १९ जुलै २०१८ रोजी ट्रायने नवे विनियम काढले. जगात कुणी फारसं केलं नव्हतं ते केलं: व्यापारी मेसेजांची सगळी साखळी ब्लॉकचेनवर चढवायची. मेसेज ज्याच्या वतीने जाणार त्या संस्थेने नोंदणी करायची, मेसेजवर दिसणारं सहा अक्षरी नाव, म्हणजे हेडर, मंजूर करून घ्यायचं आणि प्रत्येक मेसेजचा साचाही, म्हणजे टेम्प्लेट, आधी नोंदवायचा. साच्याबाहेरचा मेसेज वाटेतच अडवला जाणार.

पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना हे समजावणं हा एक स्वतंत्र उद्योग होता. ‘मॅडम, ब्लॉकचेन वगैरे राहू द्या, आम्हाला फक्त ठेवीची मुदत संपली एवढं कळवायचंय.’ मी म्हणायचे, ‘काका, तेच कळवायचं तर आधी तुमचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि अधिकारपत्र द्या.’ मग साचा. नाव, रक्कम, तारीख यांच्या जागी बदलत्या मजकुराची खूण घालायची, बाकी अक्षर न अक्षर तेच. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर मेसेज परत. त्यात मराठीचं वेगळंच दुखणं. रोमन लिपीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. ‘आपल्या मुदत ठेवीची मुदत दिनांक’ इथवर आलं की जवळजवळ निम्मी जागा संपलेली. एका मेसेजचे दोन-तीन होतात, पैसे तितक्या पट. म्हणून आपल्या कितीतरी संस्था सभासदांना रोमन लिपीतल्या मराठीत मेसेज पाठवतात आणि सत्तरीचे सभासद ते नातवाकडून वाचून घेतात.

८ मार्च २०२१ ला साचे ताडून पाहायची सक्ती सुरू झाली. त्या दिवशी सकाळपासून आमच्याकडे फोनच फोन. देशभर ओटीपी अडकले. लोकांना बँकेत पैसे पाठवता येईनात. ज्यांनी साचे नोंदवलेच नव्हते त्यात मोठमोठ्या संस्था होत्या. ट्रायला ती तपासणी सात दिवसांसाठी थांबवावी लागली. आमच्या छोट्या पतसंस्थांचे साचे मात्र वेळेत नोंदलेले होते. घाबरून का होईना, त्यांनी कागद दिले होते. याचा मला आजही अभिमान आहे आणि थोडा रागही. कागद देणाऱ्यावरच कागदाचं ओझं वाढत जातं. ठेवीची मुदत कळवणाऱ्या संस्थेला हेडर हवा, साचा हवा, मंजुरी हवी. प्लॉट विकणाऱ्या मुलीला यातलं काहीच नको. तिला एक सिम आणि एक यादी पुरते.

तरी या २०१८ च्या नियमाचं एक ऋण मी मानते. त्यात ‘पाठवणारा’ कोण याची व्याख्या स्वच्छ आहे: जो स्वतः मेसेज पाठवतो किंवा फोन करतो तो तर आहेच, पण जो तसं करवून घेतो किंवा त्याला संमती देतो तोही. म्हणजे माझ्या पहिल्या ऑफिसातली ती फट कागदावर बुजवली गेली. ‘आमच्याकडून फोन गेला नाही’ एवढं म्हणून बँकेला सुटता येणार नाही. पुढे १३ ऑगस्ट २०२४ रोजी ट्रायने मोबाइल कंपन्यांना फर्मावलं की नोंदणी नसलेला कुणी असे फोन करताना सापडला, तर त्याच्या सगळ्याच जोडण्या तोडा आणि दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका. त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत नोंदणी नसलेल्यांविरुद्ध ७.९ लाख तक्रारी झाल्या होत्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला ट्रायने सांगितलं की पावणेतीन लाखांहून जास्त जोडण्या तोडल्या आणि ५० संस्था काळ्या यादीत गेल्या. तोडलेल्या जोडण्या लाखांत, काळ्या यादीतल्या संस्था पन्नास. एकेका संस्थेकडे शेकडो लाइन असतात हे मला माहीत आहे, तरी हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला त्या जेवणाच्या सुट्टीची आठवण होते.

१२ फेब्रुवारी २०२५ ला याच विनियमांत मोठी दुरुस्ती झाली. तक्रार करायला पूर्वी तीन दिवस मिळायचे, आता सात. नोंदणी नसलेल्याविरुद्धच्या तक्रारीवर मोबाइल कंपनीला पूर्वी तीस दिवस होते, आता पाच. आपला नंबर नोंदवहीत नसला तरी अशा फोनची तक्रार करता येते, हा बदल मला सर्वात न्यायाचा वाटतो. गप्प बसलेल्याचा होकार धरायची सवय इथे थोडी तरी मोडली. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी झाल्या तर कारवाई, आता दहा दिवसांत पाच. पहिल्या वेळी बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद, पुन्हा झालं तर सगळ्या जोडण्या वर्षभरासाठी. मोबाइल कंपनीने आकडे चुकीचे कळवले तर दोन लाख, मग पाच, मग दहा लाख दंड. मेसेजच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षरही येतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. आईला मी एवढंच शिकवलंय की पी दिसला तर उघडूही नको. ती म्हणते, ‘अगं, साडीचा असतो कधी कधी.’

संमतीचं काय, ते अजून उरलंच आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती कशासाठी ते नेमकं सांगूनच घ्यावी लागेल असं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. आमच्याकडे येणारे क्लासवाले विचारतात, ‘जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर आहेत, त्यांना पाठवलं तर चालेल ना?’ जुने म्हणजे किती जुने, असं विचारलं की दोन-तीन पिढ्या निघतात. कूपनाची पेटीही जिथल्या तिथे आहे. फक्त आता तिच्यावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो आणि नंबर स्वच्छ अक्षरात आपोआप उतरतो.

अलीकडे मला दुपारी एक फोन आला. साधा दहा आकडी नंबर. त्र्यंबक रोडजवळचे एनए प्लॉट. मुलीचा आवाज कोवळा, स्क्रिप्ट तेच, हवा, धरण, समृद्धी, सिंहस्थ. मी तिला बोलू दिलं आणि मग विचारलं, ‘हे सिम ऑफिसचं आहे की तुझं?’

‘माझंच आहे मॅडम. का?’

‘रोज किती फोन करतेस?’

‘दीडशे तरी.’

मी सांगितलं की दहा दिवसांत पाच जणांनी तक्रार केली तर तुझे बाहेर जाणारे फोन बंद होतील, नंतर वर्षभर तुझ्या नावावरचं सगळंच. ऑफिसला १४० चा नंबर घ्यायला सांग, नाहीतर निदान सिम त्यांच्या नावावर मागून घे. ती क्षणभर गप्प. मग मागे कुणाचा तरी आवाज आला आणि ती घाईने म्हणाली, ‘मॅडम, साइट व्हिजिटसाठी शनिवार जमेल की रविवार?’

प्लॉट नको, असं मी स्पष्ट सांगितलं. नंतर तक्रारीचं पान उघडलं. वैध तक्रारीला काय लागतं ते मला तोंडपाठ आहे: आपला नंबर, फोन करणाऱ्याचा नंबर, तारीख आणि फोन कशाबद्दल होता ते थोडक्यात. ज्याचे प्लॉट आहेत त्याच्या नावासाठी वेगळा रकाना नाही. ते लिहायचं तर ‘थोडक्यात’मध्ये लिहायचं आणि कुणी वाचेल अशी आशा धरायची. प्रकल्पाचं नाव, जागा, दर, तिने सांगितलेलं सगळं मी तिथे लिहून काढलं. वरचा रकाना राहिला होता आणि तो भरल्याशिवाय तक्रार पुढे जात नव्हती. त्यात एकच नंबर घालता येत होता, तिचा. मी पान बंद केलं आणि प्रकल्पाच्या जाहिरातीवरून कार्यालयाचा पत्ता शोधला. त्यांना रीतसर पत्र लिहिलं आहे, नोंदणीच्या सगळ्या पायऱ्यांसकट. आमच्या कंपनीचा दरही खाली टाकलाय.